हिरवा दिवा, रिकामी छाती

टोपण उघडा

यंत्रातला आवाज बाईचा होता आणि ती बाई सांगलीकडची नव्हती, हे अक्कांनी पहिल्याच दिवशी ओळखलं.

“‘कृपया टोपण उघडा’ म्हणती. औषध देतीया का पंगतीला बोलवतीया?”

सून राजमती हसली. “आवाज पुण्यात भरलाय, आत्याबाई. बाकी यंत्र आपलंच. सांगलीच्या पोरांनी केलंय.”

“मग हाळी पण सांगलीची भरायची की. मला विचारलं असतं तर मी दिली असती.”

आणि त्यांची हाळी शोभलीही असती. अक्का, म्हणजे पद्मावती मगदूम, या धामणवाडीच्या बायकांच्या होडीच्या हाळीवाल्या. होडीत बारा वल्ही, मागे सुकाणू आणि पुढच्या टोकाला वल्हेकरणींकडे तोंड करून बसलेली हाळीवाली. तिची हाळी पडली की बारा वल्ही एकाच वेळी पाण्यात जायची आणि एकाच वेळी बाहेर यायची. हाळी चुकली तर बारा जणींची ताकद बारा दिशांना. श्रावणात कृष्णा भरली की सांगलीच्या घाटाजवळ शर्यती होत. वल्हेकरणी लग्न होऊन जात, नव्या येत. हाळी मात्र अक्कांचीच. पलीकडच्या काठावर म्हशी धुणारी माणसंसुद्धा ती ओळखायची. “धामणवाडी आली,” म्हणायची आणि म्हशी बाजूला घ्यायची.

त्याआधी अर्धं आयुष्य त्या इचलकरंजीला यंत्रमागावर उभ्या होत्या. तिथल्या कापसाच्या धुळीने छाती खराब केली. डॉक्टरांनी ओढायचं औषध दिलं, सकाळी एकदा, रात्री एकदा. ज्या यंत्रातून ते ओढायचं त्याचं नाव ‘पारख’. गावात त्याला सगळे चुगलखोर म्हणत.

श्वास पूर्ण बाहेर सोडा

थंड आरशावर फुंकर मारा. जे धुकं बसतं ते नुसतं पाणी नसतं. फुप्फुसाच्या अगदी तळाशी, जिथे रक्त आणि हवा यांच्यामध्ये कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ पडदा असतो, तिथले डोळ्यांना न दिसणारे थेंब श्वासाबरोबर वर येतात. रक्तात जे फिरतं त्याची पुसटशी खूण त्या थेंबांत असते. सकाळी घेतलेली रक्तदाबाची गोळी, काल रात्रीची झोपेची, कुणाला न सांगता घेतलेली आणखी कुठली.

ती खूण वाचणारा नखाएवढा पापुद्रा बनला, तो ओढायच्या औषधाच्या तोंडाशी बसवला आणि पारख तयार झाली. औषध ओढण्याआधी माणूस तिच्यात श्वास सोडतो. याच्या अंगात आणखी काय काय आहे आणि त्याचं आपल्या औषधाशी जमतं का, हे ती क्षणात ताडून पाहते. जमत असेल तर दिवा हिरवा. जपायला हवं असेल तर पिवळा, आणि माणसाने नेमून दिलेल्या जोडीदाराच्या फोनवर निरोप. मेळ बिघडला असेल तर तांबडा, आणि निरोप थेट जिल्ह्याच्या औषधमेळ केंद्रात. तांबड्या दिव्यावरही औषध मिळायचंच. श्वास अडवायचा अधिकार यंत्राला कुणी दिला नव्हता.

त्याआधी हे काम विचारून चालायचं. डॉक्टर विचारायचे, “आणखी कुठली औषधं घेता?” माणूस म्हणायचा, “कुठलीच नाही.” बायको बाजूने म्हणायची, “आणि ती प्रेशरची?” माणूस म्हणायचा, “ती रोजचीच आहे, ती कुठं औषध?”

पारख आल्यावर विचारायची गरज संपली. जिल्ह्यात छातीच्या औषधांनी होणारे घोटाळे झपाट्याने कमी झाले. केंद्राच्या दारात मोठा फलक लागला: *आमचे तांबडे हिरवे होतात.* राजमती तिथे फार्मासिस्ट होती. रोजचे तांबडे दिवे तिच्या टेबलावर यायचे, ती फोन करायची, डॉक्टरांशी बोलायची, औषध बदलून घ्यायची. पडद्यावर दिवा हिरवा झाला की तिला अजूनही बरं वाटायचं. फलकाखालून आत जाताना तिची मान जरा ताठ असायची.

नियम एकच. घरच्या माणसाचा दिवा आपल्या टेबलावर घ्यायचा नाही.

दिवा पाहा

आषाढ संपता संपता अक्कांचे गाल भरले.

“सून चांगलं खायला घालतीया बघा,” शेजारणी म्हणायच्या. “चेहरा कसा पुरणपोळीगत फुगलाय!”

राजमती वरवर म्हणायची, “छे, त्यांचं खाणंच मेलं चिमणीचं.” पण मनात सुखावायची. लग्नाला सहा वर्षं होऊन सासूने तिच्या हातच्या एकाही भाजीला बरं म्हटलं नव्हतं. निदान गाल तरी साक्ष देत होते.

त्याच दिवसांत अक्कांच्या हातातल्या यंत्रावर रोज पिवळा दिवा लागत होता. तो निरोप राजमतीकडे येत नव्हता. यंत्राने सुरुवातीला विचारलं होतं, “कृपया आपल्या जोडीदाराचं नाव सांगा,” तेव्हा अक्कांनी बेंगळुरूला असलेल्या लेकाचं, म्हणजे राजमतीच्या नवऱ्याचं, भरतेशचं नाव सांगितलं. सुनेपुढे छाती कशाला उघडायची? भरतेशच्या फोनवर निरोप यायचा, तो मीटिंगमध्ये असायचा, अंगठा ‘पाहिले’वर पडायचा.

पिवळा दिवा लागला की अक्का यंत्र पदराखाली घ्यायच्या.

चूळ भरा

हे वाक्य यंत्र सगळ्यात शेवटी म्हणायचं. ओढायच्या औषधातलं स्टेरॉइड घशाला चिकटून राहतं. चूळ भरून थुंकलं नाही तर तिथे बुरशी धरते. जीभ पांढरी होते, आवाज बसतो.

रात्रीचं औषध आठला. आणि अक्कांचं बारमाही व्रत होतं. दिवस मावळला की तोंडात अन्न नाही आणि पाण्याचा थेंबही नाही. धामणवाडीतल्या निम्म्या जैन घरांतल्या बायका हे पाळत. त्यात कुणाला काही विशेष वाटायचं नाही, म्हणून कुणी ते बोलायचंही नाही.

चूळ म्हणजे पाणी पिणं का? अक्कांनी यावर मंदिराच्या पायरीवर बसून पुष्कळ विचार केला. गिळलं नाही तरी तोंडात गेलंच की. शेवटी त्यांनी व्रताच्या बाजूने कौल दिला आणि यंत्राचा आवाज बंद करून टाकला. मग त्या पुण्याच्या बाईला नकार द्यायचं पापही राहिलं नाही.

घसा बसायला लागला. जिभेवर दह्यासारखे पांढरे ठिपके आले. आवाज बसलेली हाळीवाली म्हणजे दोरी तुटलेला पोहरा. अक्का एस.टी.ने जयसिंगपूरला गेल्या, जिथे त्यांना कुणी ओळखत नव्हतं, आणि औषधाच्या दुकानात जीभ बाहेर काढून दाखवली.

“तोंड आलंय.”

दुकानदाराने बुरशीवरच्या कॅप्सूल दिल्या. “आणखी काही औषध चालू आहे का, मावशी?”

“न्हाई,” अक्का म्हणाल्या. ओढायचं ते त्यांच्या हिशेबी वारं होतं.

त्या संपल्या की पुन्हा जाऊन आणल्या. जीभ जरा निवळायची, रात्री चुळीविना ओढलेलं औषध पुन्हा बुरशी धरवायचं, त्या पुन्हा कॅप्सूल घ्यायच्या.

दिवा पाहा

शर्यतीच्या आदल्या आठवड्यात दिवा तांबडा झाला.

होडी समितीचा नवा नियम होता. ज्याच्याकडे पारख आहे त्याने घाटावर सगळ्यांसमोर श्वास सोडायचा. हिरवा असेल तरच होडीत पाय. नोकरीच्या मुलाखतीला, विम्याला, लग्न ठरवतानासुद्धा लोक आताशा विचारायचे, “दिवा कसला?”

अक्कांनी यंत्र सायराला दाखवलं. सायरा जमादार पहिल्या वल्ह्यावर बसायची. हाताला जोर आणि जिभेला त्याहून जास्त.

“एवढंच व्हय?” सायरा म्हणाली. “अक्का, ह्यो चुगलखोर दोन औषधांचं भांडण सांगतोय. दोघांनाबी घराबाहेर काढा. भांडायला कुणी उरलंच न्हाई की हिरवा.”

“आणि छाती?”

“चार दिस कळ काढा. आमच्या चुलत्यानं नोकरीच्या वक्ताला तेच केलं. समदं गाव तेच करतंय.”

अक्कांनी दोन्ही बंद केली. केंद्रातून दुसऱ्या टेबलावरच्या पोराचा फोन आला, “डॉक्टरांना भेटा हं आजी,” त्या “व्हय व्हय” म्हणाल्या. यंत्रात त्या नुसता श्वास सोडायच्या आणि टोपण लावून ठेवायच्या. तिसऱ्या सकाळी दिवा तुळशीच्या पानासारखा हिरवा झाला. केंद्रातल्या पोराच्या पडद्यावरही झाला. त्याने प्रकरण मिटवलं आणि फलकावरच्या यशात आणखी एकाची भर पडली.

औषध आत ओढा

शर्यत परवावर आली. संध्याकाळी राजमती केंद्रातून परतली तेव्हा अक्का अंगणात दोरीवरचे कपडे काढत होत्या. एक लुगडं काढलं, खांद्यावर टाकलं, दुसऱ्याला हात घातला आणि दोरीलाच लोंबकळल्या.

राजमतीने त्यांना धरून पायरीवर बसवलं. अंग गार, घामाने चिंब. आतून रक्तदाब मोजायचं यंत्र आणून लावलं. बसलेल्या असताना कमी होता. उभं केल्यावर आणखी खाली गेला.

“उन्हानं झालं असंल,” अक्का म्हणाल्या.

“ऊन कुठंय? आभाळ बघा. दुपारी जेवलात?”

“मळमळतंय दोन दिस. तुझ्या वांग्यानं.”

“वांगं केलंच नव्हतं मी.” राजमतीने त्यांच्याकडे नीट पाहिलं. चेहरा गोल आणि हात काड्यांसारखे. गाल भरतात ते माणसाबरोबर भरतात. इथे नुसते गालच भरले होते. कामावर तिने असे चेहरे पाहिले होते, परक्यांचे. आणि या चेहऱ्याचं ती गेला महिनाभर मनातल्या मनात कौतुक करत होती.

“आत्याबाई, औषध ओढता ना?”

“हिरवं हाय की. बघ.”

“हिरवं मला दिसतंय. ओढता का?”

अक्कांनी यंत्र पदराखाली घेतलं.

“आ करा.”

“मी काय बैल हाय दात मोजायला?”

“आ करा, आत्याबाई.”

अक्कांनी आ केला. राजमतीने फोनच्या उजेडात पाहिलं आणि मग ती एकेक प्रश्न विचारत गेली. जीभ कधीपासून? काय घेतलं? कुठून आणलं? दोन्ही कधी बंद केलं? चूळ का नाही? शेवटचं उत्तर ऐकून ती पायरीवर त्यांच्याशेजारी बसली.

“दिवस मावळायच्या आधी ओढलं असतं तर? साडेसहाला? चूळही झाली असती, व्रतही राहिलं असतं. आठच वाजायला हवेत असं काही नाही हो त्या औषधाचं.”

“मला कुणी इचारलं? त्ये यंत्र समदं हुंगतंय. पाण्याचं त्याला काय ठावं?”

केंद्रातल्या एकाही कागदावर, एकाही पडद्यावर तो प्रश्न नव्हता.

थांबा

“आता दवाखान्यात जायचं,” ती म्हणाली.

“परवा. शर्यत झाली की.”

“आत्ता. ऐका, आपल्या घरात नळ यायच्या आधी आड होता ना?”

“व्हता. त्याचं काय आता?”

“नळ आल्यावर आडाकडं कुणी बघितलं?”

“कोण बघतंय? दोर कुजला, झरा बुजला.”

“तसंच झालंय तुमच्या अंगात. ओढायच्या औषधातलं स्टेरॉइड थोडं रक्तात उतरतं. एरवी यकृत ते मोरीतून पाणी जावं तसं काढून टाकतं. तुमच्या कॅप्सूलनं ती मोरी तुंबवली. थेंब थेंब साठून अंगात तळं झालं. गाल त्यानंच फुगले, माझ्या स्वयंपाकानं नाही.”

“ते मला ठावंच व्हतं.”

राजमती हसली नाही. “मूत्रपिंडावर दोन ग्रंथी असतात, त्या हेच द्रव्य रोज स्वतः करतात. ताप आला, दम लागला, धक्का बसला की माणूस त्याच्यावरच उभा राहतो. बाहेरून एवढं येतंय म्हटल्यावर त्यांनी काम सोडलं. आडासारख्या बुजल्या. आणि तुम्ही तीन दिवसांमागं नळ बंद केलात.”

अक्कांनी पदराखालचं यंत्र बाहेर काढलं.

“म्हंजी मी आता कोरडी.”

“पार कोरड्या. शर्यतीत ओरडायला लागाल आणि जागेवर आडव्या व्हाल. उठणार नाही.”

“आणि ह्यो म्हणतोय हिरवं.”

“तो म्हणतो भांडण नाही. घरात कुणीच नाही, हे त्याला कळत नाही.”

अक्का उठल्या, दाराची चौकट धरून उभ्या राहिल्या. “परवाची एक हाळी देऊ दे. मग कुठं न्यायचं तिथं ने. मेले तर होडीत मेले म्हणतील. माणूस खाटेवर मरण्यापरीस बरं.”

राजमतीने फोन काढला. घरच्या माणसाचा निकाल देता येत नव्हता, पण हरकत कुणालाही घेता येत होती, आणि फार्मासिस्टची हरकत असली तर दिवा तिथल्या तिथे बदलायचा. ती लिहीत गेली. नाव, नातं, कारण. अक्कांच्या मुठीत यंत्र होतं. राजमतीने शेवटचं बटण दाबलं.

मुठीतला हिरवा विझला. तांबडा लागला.

अक्कांनी यंत्राकडे पाहिलं, मग सुनेकडे. “तू केलंस?”

“मी केलं.”

“समितीला दिसतंय हे?”

“दिसतंय.”

“सून म्हणून आणली व्हती,” अक्का म्हणाल्या. “केंद्रवाली निघाली.”

त्यानंतर त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. रिक्षात बसल्या, सांगलीत दवाखान्यात हात पुढे केला, सलाईन आणि इंजेक्शन घेतलं. डॉक्टरांनी स्टेरॉइडच्या गोळ्या लिहून दिल्या, त्या हळूहळू कमी करायच्या होत्या. कॅप्सूल बंद, तोंडात ठेवायचे साधे थेंब सुरू. ओढायचं औषध साडेसहाला, चूळ भरून. डॉक्टर सुनेला म्हणाले, “दोन दिवस उशीर झाला असता तर ह्या वाचल्या नसत्या.” अक्का भिंतीकडे तोंड करून ऐकत होत्या.

दुसऱ्या दिवशी सायरा फळं घेऊन आली. होडीत हाळी कोण देणार, असं अक्कांनी विचारलं नाही. सायरानेच सांगितलं, “मीच देणार. वल्हं मारत मारत.” अक्कांनी डोळे मिटून घेतले.

(यापुढचं यंत्र सांगत नाही)

शर्यतीच्या दुपारी अक्का घाटावर आल्या. डॉक्टरांनी खुर्चीत बसून बघायची परवानगी दिली होती. राजमती मागे, वरच्या पायरीवर, गर्दीत उभी होती. अजून अबोला होता.

समितीने अक्कांची खुर्ची मानाने तपासणीच्या टेबलाशेजारीच ठेवली. माणसं रांगेने येत होती, श्वास सोडत होती, दिवा दाखवून पुढे जात होती. हिरवा. हिरवा. हिरवा. लोक टाळ्या वाजवत होते.

अक्का खाली मान घालून बसल्या होत्या, म्हणून त्यांना दिवे दिसत नव्हते. त्यांना छात्या ऐकू येत होत्या. मागांच्या खडखडाटात शेजारणीचा दम ओळखायला शिकलेले ते कान. कवठ्याच्या होडीचा सुकाणूवाला श्वास सोडताना बारीक शिट्टी वाजली. हिरवा. त्याच्यामागच्याच्या छातीत कुणीतरी वाळूत फावडं ओढत होतं. हिरवा. अक्कांनी मान वर केली आणि टेबलावर बसलेल्या माणसाकडे पाहिलं. समितीचे अध्यक्ष बाळगोंडा आण्णा. गोरे, जाडजूड, छातीवर बिल्ला. बिल्ला श्वासागणिक वरखाली होत होता, आणि फार घाईने होत होता. त्यांच्या स्वतःच्या यंत्रावर हिरवा.

होड्या रेषेत लागल्या. आण्णा निशाण घेऊन उठले. निशाण वर गेलं की होड्या सुटायच्या, ही इथली रीत. त्यांनी माईक घेतला. “यंदा अक्का होडीत नाहीत. पण मान त्यांचाच. अक्का, दोन शब्द बोला, मग निशाण.”

माईक अक्कांच्या हातात आला. पाण्यातल्या होड्यांतूनही माणसं वळून बघत होती.

“माझा आवाज बसलाय,” अक्का म्हणाल्या. आवाज खरखरीत निघाला, पण भोंग्यांनी तो पलीकडच्या काठापर्यंत नेला. “तांबडा दिवा हाय माझा. ह्यो बघा.” त्यांनी यंत्र डोक्यावर धरलं. “परवापर्यंत हिरवा व्हता. मी छातीचं औषध सोडलं म्हणून हिरवा. अंगात कायबी न्हाई तर भांडायला काय असणार? मरत व्हते आणि हिरवी व्हते.”

कुणी तरी हसलं आणि थांबलं.

“आता मी इचारते. दिवा हिरवा व्हावा म्हणून छातीचं औषध कुणीकुणी सोडलंय? हात वर करा.”

कुणी हललं नाही. होड्यांवर पाणी चपचपत होतं.

“लाजताय? मी साठीची बाई, भर घाटावर माझी जीभ कशी पांढरी झाली ते सांगाया तयार हाय, आणि तुमचा हात उचलंना?”

सायराच्या चुलत्याने हात वर केला. मग होडीतून कवठ्याच्या सुकाणूवाल्याने. मग एकदम पाच-सात. मग पायऱ्यांवर इथे तिथे, शेतातून आलेले, खडीच्या क्रशरवरचे, चुलीपुढे जन्म गेलेल्या बायका, आणि एक कॉलेजातला पोरगा, ज्याचं लग्न ठरत होतं. राजमती वरून बघत होती. हे सगळे केंद्राच्या पडद्यावर हिरवे होते. हेच ते फलकावरचं यश.

“आण्णा,” अक्का माईकमध्येच म्हणाल्या, “तुमचा बिल्ला लई पळतोय.”

बाळगोंडा आण्णा लाल झाले. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग मान खाली घालून त्यांनीही हात वर केला.

त्या हातात निशाण होतं.

होड्या सुटल्या.

“अवो थांबा! थांबा!” आण्णा ओरडले, पण तोवर सायराची हाळी पाण्यावरून घुमत गेली होती. एरवी गर्दी काठाने धावत सुटली असती. आज कुणी धावलं नाही. अक्का माईकमध्ये बोलत होत्या.

“ती वर उभी हाय, निळ्या साडीत. तिच्याकडं जा. ती तुमाला वरडणार न्हाई. राजमती, खाली ये.”

तीन दिवसांत पहिल्यांदा त्यांनी तिला हाक मारली होती. राजमती पायऱ्या उतरून खाली आली. तपासणीचं टेबल रिकामं झालं होतं, आण्णांनी स्वतः खुर्ची ओढून दिली. हात वर केलेल्यांची रांग लागली. अक्कांनी आपली खुर्ची टेबलाला लावली.

पहिला सायराचा चुलता. राजमतीने विचारलं, “छातीचं कधीपासून सोडलं? आणखी काय घेता?”

“कायबी न्हाई.”

“डोळ्यात काय घालतोस?” अक्कांनी मध्येच विचारलं. “डोळं सारखं पुसतोयस.”

“ते काचबिंदूचं थेंब हायत. ते कुठं औषध?”

राजमतीचं पेन थांबलं. “नाव आठवतं? बाटली आहे?” त्याने खिशातून बाटली काढली. तिने नाव वाचलं. “हे डोळ्यात पडतं आणि नाकातून रक्तात जातं. छातीच्या नळ्या उघडायचं काम तुमचं औषध करतं, आणि हे त्या आवळतं. म्हणूनच तुमचा दिवा तांबडा होता. छातीचं नव्हतं सोडायचं, हे थेंब बदलून घ्यायचे होते. आज संध्याकाळपासून छातीचं सुरू करा. उद्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडं मी स्वतः फोन करते.”

“म्हंजी दिवा हिरवा हुईल?”

“होईल. पण आधी छाती भरेल.”

पुढची बाई आली. अक्का विचारायच्या, उपास कुठले, पाणी कधी सोडता, काढा कसला घेता, कुणाचं ऐकून काय बंद केलंत. राजमती त्या उत्तरांतून औषधं वेचून काढायची. पारख बाजूला पडली होती, तिच्यावरचा तांबडा दिवा उन्हात दिसतही नव्हता. रांग पायऱ्या चढून रस्त्याला लागली.

नदीवर होड्या वळसा घालून परत आल्या. शेवटच्या टप्प्यात धामणवाडीची होडी अर्ध्या लांबीने पुढे होती. दोरी तोडून ती आत घुसली तेव्हा काठावर टाळी वाजवायला चारच पोरं होती.

“अवो!” सायरा वल्हं उंच धरून किंचाळली. “जिंकलो की आम्ही! जरा हिकडं बघा की, मुडद्यांनो!”

सगळे दचकून वळले. मग घाटावर एकच आरडाओरड झाली. अक्का मात्र मान हलवत होत्या. “वळणावर हाळी चढी गेली हिची. तरी बरं, पोरींनी सांभाळून घेतली.” आणि त्यांनी पदराने डोळे पुसले, चटकन, कुणी पाहायच्या आत.

रांगेत एक म्हातारे गृहस्थ पुढे आले, पलीकडच्या तालुक्यातले. त्यांना इथलं कुणी माहीत नव्हतं. काठी टेकत त्यांनी राजमतीकडे पाहिलं आणि अक्कांना विचारलं, “ह्या कोण? डॉक्टरीण हायत का?”

अक्कांनी माईक अजून हातात धरलेला होता, आणि तो चालूच होता.

“न्हाई,” त्या म्हणाल्या, आणि तो खरखरीत आवाज भोंग्यांतून पाण्यावर, होड्यांवर, पलीकडच्या म्हशींवरून गेला. “सून हाय माझी. माझा दिवा तांबडा केला तिनं.”